फुप्पांच्या फोनमधला हिशोब

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत मी सिहोऱ्याला गेलो होतो. फुप्पा जाऊन दीड महिना झाला होता. फुप्पी इद्दतमध्ये होत्या, त्यामुळे चार महिने दहा दिवस त्यांचे घराबाहेर पडणे नव्हते. त्यांनी अब्बांना निरोप पाठवला होता, "भाच्याला पाठवा, त्याला मोबाईलमधलं कळतं. येताना कॉम्प्युटर घेऊन ये म्हणावं."

नागपूरहून गाडीने तुमसर रोड आणि तिथून रस्त्याने सिहोरा. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे बांध लागत होते. या भागाची शेती चांदपूरच्या जलाशयावर आणि बावनथडी नदीच्या पाण्यावर चालते. कालव्याचे पाणी पुरले नाही की शेतकरी मोटारपंपाकडे वळतो, आणि पंप बिघडला की तो फुप्पांच्या दुकानात यायचा. मोटारीची वायंडिंग, बेअरिंग बदलणे, स्टार्टर दुरुस्ती ही त्यांची कामे. पैसे लगेच क्वचितच मिळत. "धान विकला की देतो" हे वाक्य त्या दुकानात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचे. फुप्पाही सुटे भाग तुमसरहून उधारीवरच आणायचे.

हा सगळा हिशोब ते पूर्वी वहीत लिहीत. चार-पाच वर्षांपूर्वी धाकट्या मुलाने फोनमध्ये उधारी लिहिण्याचे एक साधे ॲप टाकून दिले आणि वही बंद झाली. आता फुप्पा नव्हते, वही नव्हती, आणि फोनच्या पडद्याला तडा गेला होता. खालची दोन बोटे रुंदीची पट्टी बोट लावले तरी दाद देत नव्हती.

फुप्पींची काळजी फोनची नव्हती. त्या म्हणाल्या, "लोक भेटायला येतात. कुणी म्हणतं माझे इतके द्यायचे होते, कुणी काहीच बोलत नाही. बेटा, कुणाचा एक रुपया त्यांच्या मानेवर राहायला नको. आधी कर्ज फिटू दे, मग पोरांचं वाटप."

आपल्या घरांत हे वेगळे समजावून सांगायला नको. मयताच्या मालातून आधी त्याचे देणे फेडायचे, मग वारसांचे हिस्से. पण देणे किती आणि कुणाचे, हे ज्या एका ठिकाणी लिहिलेले होते ते ठिकाण आता फुटक्या काचेच्या आत होते.

दुकानात का दिला नाही

मोठ्या मुलाने फोन एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला होता. तिथे उत्तर मिळाले, "या मॉडेलचा डिस्प्ले आता येत नाही. फॉरमॅट मारून बघू, डेटाची गॅरंटी नाही." फॉरमॅट म्हणजे सगळे पुसणे. मुलाने फोन परत आणला, हे फार चांगले केले. शिवाय फोनमध्ये घरातल्या बायका-मुलींचे फोटो होते. पॅटर्न सांगून तो परक्या हातात देणे फुप्पींना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे मला पटले. दुसऱ्याचा फोन म्हणजे अमानत, आणि या फोनचा मालक तर आता हयातही नव्हता.

म्हणून मी सुरुवातीलाच दोन्ही मुलांना समोर बसवले. काय काढायचे आणि काय उघडायचे नाही, हे तिघांच्या साक्षीने ठरले. उधारीचे ॲप, फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप एवढेच काढायचे. बँकेच्या आणि पैसे पाठवायच्या ॲपला हात लावायचा नाही. मयताच्या खात्यातून त्याचा पिन वापरून पैसे काढणे चुकीचे आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जायचे आणि वारसदार किंवा नामनिर्देशित व्यक्ती म्हणून अर्ज करायचा. ही ॲप नव्या फोनवर उचलून नेताही येत नाहीत. ती त्या सिमला आणि त्या यंत्राला बांधलेली असतात, नव्या फोनवर पुन्हा नोंदणी करावीच लागते.

नेहमीचे मार्ग आधी

मी सांगणार आहे ती पद्धत नेहमीच्या मार्गांनंतरची आहे. तुमचा जुना फोन धड असेल तर तिची गरज नाही. नवा अँड्रॉइड फोन पहिल्यांदा सुरू करताना तो जुन्या फोनमधून सामान आणायचे का, असे विचारतो. केबलने किंवा वायफायने ते होते. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून एका फोनवरचा क्यूआर कोड दुसऱ्याने स्कॅन करून गप्पा थेट नेता येतात. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते, त्यात बॅकअप ठेवता येतो.

फुप्पांच्या बाबतीत यातले काहीच चालेना. गुगल खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, बॅकअप कधी घेतलेला नव्हता, आणि उधारीचे ॲप प्ले स्टोअरवरून केव्हाच निघून गेले होते. म्हणजे नव्या फोनवर ते शोधूनही मिळणार नव्हते. हिशोबाची एकच प्रत होती, त्या फोनच्या पोटात.

आधी आम्ही सोपे काम केले. दुसऱ्या फोनने त्या ॲपच्या मुख्य यादीचे फोटो काढून ठेवले. पण यादीत फक्त नाव आणि शिल्लक दिसत होती. कुठल्या मोटारीचे, कधीचे, कितीदा थोडे थोडे दिले, हे प्रत्येक नावाच्या आत होते. वाद होतो तो तिथेच.

काळी खिडकी

कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडते, तिच्यात माऊसने काही निवडायचे नसते, हुकूम टाइप करायचा असतो. तिला कमांड लाइन म्हणतात. अँड्रॉइड फोनशी या खिडकीतून बोलण्यासाठी गुगलचेच एक साधन आहे, अँड्रॉइड डीबग ब्रिज, थोडक्यात एडीबी. ॲप बनवणाऱ्यांसाठी ते केलेले आहे. गुगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर संकेतस्थळावर 'प्लॅटफॉर्म टूल्स' नावाने फुकट मिळते, आकाराने लहान असते आणि इन्स्टॉल करावे लागत नाही. झिप फाइल उघडून फोल्डर ठेवले की झाले. ते फक्त तिथूनच घ्या. तयार सॉफ्टवेअर देतो म्हणणाऱ्या अनोळखी साइट आणि पैसे मागणारी 'डेटा रिकव्हरी' दुकाने टाळा. पुढे जे हुकूम दिले आहेत ते कॉम्प्युटरवर इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे असतात. इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

फोनकडूनही परवानगी लागते. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट मारायचे. मग 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचा नवा भाग दिसू लागतो. त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करायचे. केबल जोडली की फोन विचारतो, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का? तिथे होकार दिल्याशिवाय काहीही पुढे सरकत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही पद्धत कुलूप तोडण्याची नाही. फोनचा पॅटर्न किंवा पिन माहीत नसेल तर ही परवानगी देता येत नाही. फुप्पींना पॅटर्न माहीत होता. "रोज माझ्यासमोरच उघडायचे," त्या म्हणाल्या आणि हवेत बोटाने काढून दाखवला. त्यामुळेच पुढचे सगळे शक्य झाले. तुमच्या घरात तुमच्या फोनचे कुलूप दुसऱ्या कुणाला माहीत आहे का, हा प्रश्न आजच स्वतःला विचारा.

पहिला हुकूम 'एडीबी डिव्हाइसेस'. याने जोडलेल्या फोनची यादी येते. आमची यादी रिकामी आली. अर्धा तास मी कॉम्प्युटरला दोष देत होतो. शेवटी धाकट्या भावाने शेजारून दुसरी केबल आणली आणि फोन दिसला. पहिली केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात माहिती वाहणाऱ्या तारा नव्हत्या. स्वस्त केबलींत हे सर्रास असते. मग यादीत फोनपुढे 'अनऑथराइज्ड' असा शब्द आला, म्हणजे फोन परवानगीची वाट पाहत होता. होकाराचे बटण सुदैवाने पडद्याच्या चालणाऱ्या भागात होते.

खालच्या मेलेल्या पट्टीसाठी 'एससीआरसीपीवाय' नावाचे दुसरे फुकट साधन वापरले. ते एडीबीच्याच रस्त्याने फोनचा पडदा कॉम्प्युटरवर दाखवते आणि माऊसने फोन चालवता येतो. फुटक्या पडद्याच्या फोनसाठी याच्याइतके उपयोगी दुसरे काही मी पाहिलेले नाही. कॉम्प्युटरवर फुप्पांच्या फोनचा पडदा उमटला, मागे दुकानाचा फोटो होता. फुप्पी दारातून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

काय निघते, काय निघत नाही

फोनमधल्या सामानाचे दोन भाग समजा. एक घराचे अंगण, दुसरे प्रत्येक ॲपची कुलूपबंद खोली. फोटो, डाउनलोड, व्हॉट्सॲपचे फोटो आणि आवाज हे अंगणात असतात. ते 'एडीबी पुल' या हुकमाने उचलता येतात. पुल म्हणजे ओढून घेणे, उलट दिशेचा हुकूम 'पुश'. अंगणाचे नाव फोनच्या आत 'एसडीकार्ड' असे असते, कार्ड नसले तरी. पुलच्या पुढे आडवी रेघ आणि 'ए' लावले तर फाइलींच्या मूळ तारखा टिकतात. नाहीतर सगळ्यांवर आजची तारीख पडू शकते.

व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' या फोल्डरमध्ये असतात. जुन्या फोनमध्ये हे फोल्डर सरळ अंगणात सापडते, अँड्रॉइड ११ पासून पुढे 'अँड्रॉइड' मधल्या 'मीडिया' मध्ये. आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांची उपफोल्डरे असतात, आणि प्रत्येक फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख. पाठवलेले आणि आलेले, दोन्ही त्यातच. गप्पा वाचायची गरज पडली नाही. आम्ही फोल्डर आहे तसे उचलले आणि कुठलाही निरोप वाजवून पाहिला नाही.

ॲपच्या कुलूपबंद खोलीत एडीबीला थेट जाता येत नाही, आणि जाता येऊ नये हेच बरे. पण जुन्या अँड्रॉइडमध्ये एक खिडकी आहे, 'एडीबी बॅकअप'. त्या ॲपने मनाई केलेली नसेल तर त्याच्या खोलीतले सामान एका फाइलीत बांधून मिळते. व्हॉट्सॲपची मनाई आहे. त्यावर हा हुकूम चालवला तर फाइल तयार होते, पण तिच्यात कामाचे काही नसते. बँकेच्या ॲपचीही मनाई असते. अँड्रॉइड १२ पासून गुगलने ही खिडकी बरीचशी बंद केली आहे. त्या काळाप्रमाणे बनवलेल्या ॲपचे सामान आता यातून निघत नाही. फुप्पांचा फोन अँड्रॉइड ८ चा होता. जुना फोन म्हणून जो अडचणीचा वाटत होता, त्याचे जुनेपणच इथे कामी आले.

आधी 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस', त्यापुढे उणे तीन असे टाइप करून घरच्यांनी टाकलेल्या ॲपची यादी काढली. ॲपचे खरे नाव पडद्यावर दिसते ते नसते, टिंबांनी जोडलेले लांबलचक असते. मग 'पीएम पाथ' ने ते ॲप फोनमध्ये कुठे आहे ते पाहिले आणि 'पुल' ने ॲपचीच फाइल, म्हणजे एपीके, बाहेर काढली. प्ले स्टोअरवर न मिळणारे ॲप असे जुन्या फोनमधूनच मिळवता येते. हल्लीच्या ॲपची एपीके बहुधा अनेक तुकड्यांत असते. तेव्हा सगळे तुकडे उचलावे लागतात आणि नव्या फोनवर 'इन्स्टॉल मल्टिपल' ने एकत्र बसवावे लागतात. आमचे ॲप जुने, एकाच फाइलीचे होते.

मग 'एडीबी बॅकअप' आणि ॲपचे नाव. काळ्या खिडकीने सांगितले, फोनवर होकार द्या. होकाराचे बटण नेमके मेलेल्या पट्टीत होते. कॉम्प्युटरवरच्या पडद्यावर माऊसने ते दाबले. फोनने बॅकअपसाठी पासवर्ड मागितला, तो आम्ही फुप्पींच्या डायरीत लिहिला. तो विसरला तर फाइल उघडत नाही. फाइल तयार झाली आणि आकार शून्याजवळ नव्हता. तेवढ्यावर आनंद मानला नाही. बॅकअप परत उघडून पाहिल्याशिवाय तो बॅकअप नसतो.

मोठ्या भावाचा एक जुना पण धड फोन घरात होता, अँड्रॉइड १० चा. नव्यातला नवा फोन मुद्दाम घेतला नाही, कारण अँड्रॉइड १४ पासून फार जुनी ॲप बसवायलाच फोन नकार देतो. 'एडीबी इन्स्टॉल' ने ॲप बसवले, 'एडीबी रिस्टोअर' ने फाइल आत सोडली, पासवर्ड दिला. ॲप उघडले. वर फुप्पांच्या दुकानाचे नाव आणि खाली सगळी नावे, आतल्या नोंदींसह. ज्या फोटोंवर आधी यादी घेतली होती तिच्याशी एकेक शिल्लक ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या.

यादीतली नावे

त्या रात्री दोन्ही भावांनी बसून सगळे कागदावर उतरवले. एका बाजूला येणे, दुसऱ्या बाजूला देणे. देणे तुमसरच्या सुट्या भागांच्या दुकानाचे होते, ते अपेक्षित होते. एक गृहस्थ सहा हजार मागत होते. नोंदीत त्यांना दोनदा मिळून चार हजार परत दिल्याचे तारखांसह लिहिलेले होते. त्यांना दाखवले तेव्हा त्यांना आठवले. खोटे बोलत नव्हते, विसरले होते.

आणि एक नाव असे होते ज्याचा कुणालाच पत्ता नव्हता. शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याकडून फुप्पांनी जुनी मोटार विकत घेतली होती, त्यातले साडेतीन हजार द्यायचे राहिले होते. तो माणूस भेटायला आला होता, चहा घेऊन गेला होता, पैशाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा भाऊ मोटारसायकलवर जाऊन पैसे देऊन आला. तो माणूस म्हणाला, "राहू द्या, बाईंना लागतील." भाऊ म्हणाला, "अम्मींनीच पाठवलंय."

आवाजी निरोप मी एका पेन ड्राइव्हवर आणि त्याच दुसऱ्या फोनवर ठेवले. कसे वाजवायचे ते फुप्पींना दाखवले. त्यांनी फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेल्या. आम्ही बाहेर अंगणात बसलो. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "भाजी काय आणू म्हणून विचारत होते."

काम झाल्यावर

निघण्याआधी जुन्या फोनमधले यूएसबी डीबगिंग बंद केले आणि दिलेल्या परवानग्या रद्द केल्या. माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रती मुलांसमोर पुसल्या. डीबगिंग उघडे ठेवणे म्हणजे मागचे दार उघडे ठेवणे. कुणी फोनवर बोलत बोलत "डेव्हलपर ऑप्शन्स चालू करा" किंवा "हे ॲप टाका, मी इथून बघतो" असे सांगू लागला तर तो बँकेचा माणूस असो की कंपनीचा, फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

आणखी दोन गोष्टी. मयताचे सिम लगेच बंद पडू देऊ नका. ९० दिवस वापर नसेल तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंबर पुढे दुसऱ्याला जातो. व्हॉट्सॲपचे खातेही १२० दिवस निष्क्रिय राहिले तर मिटते. बँक, वीजबिल, गॅस यांची कामे संपेपर्यंत त्या नंबरवर ओटीपी येत राहणे गरजेचे असते. दुसरे, अशा फोनमध्ये काहीही अपडेट करू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. ॲप काढले की त्याची खोलीही रिकामी होते.

हे सगळे वाचून काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला हे पान द्या. एका सुट्टीच्या दिवशी चांगल्या फोनवर सराव करून पाहा, फोटो ओढून घ्या, बस. पण त्याहून सोपे काम प्रत्येकाच्या हातात आहे. उधारीच्या कुठल्याही ॲपमध्ये हिशोब बाहेर काढण्याची सोय आहे का ते आज पाहा. असेल तर दर महिन्याला एकदा काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. नसेल तर ते ॲप वापरू नका. आणि जे देणे आहे ते कागदावरही लिहा, तारखेसह, घरातल्या एकाला तो कागद कुठे आहे हे सांगून.

सिहोऱ्याचे ते दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. हिशोब फोनमध्येच ठेवतो, पण गल्ल्यात एक लाल वहीही असते. दर शुक्रवारी दुकान बंद असते, तेव्हा फुप्पी ती मागवून घेतात आणि फोनशी ताडून पाहतात.

पुढच्या अंकात हरवलेला फोन बंद कसा करायचा आणि परत मिळाला तर चालू कसा करायचा, याबद्दल बोलू. तुमच्या घरचा काही प्रश्न असेल तर पत्राने जरूर कळवा.